दिवाणखान्यातील हिरवा पडदा : एक आढावा

पात्रे तीच ठेवून त्यांच्या पाठीमागचे स्थळ पालटून टाकावे, ही हौस महाराष्ट्रास नवी नव्हे. संगीत नाटकांच्या वैभवकाळात राजवाडा, अरण्य, नदीतीर आणि कारागृह ही सारी स्थळे रंगविलेल्या पडद्यांवरून प्रेक्षकांपुढे अवतरत असत. पुढे कोल्हापुरास महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट आणणारे बाबूराव पेंटर हे मुळात आनंदराव पेंटरांच्या समवेत नाटक मंडळ्यांना असेच पडदे रंगवून देणारे कलावंत होते. आज तीच हौस दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात शिरली आहे. फरक एवढाच की, पडद्यावर आता काहीच रंगवावयाचे नसते. एक सपाट, पोपटी हिरवे कापड भिंतीवर ताणून बसवावयाचे, त्याच्यापुढे उभे राहून बोलावयाचे, आणि मागाहून संगणकाकरवी ते हिरवेपण पुसून त्याच्या जागी हवे ते दृश्य आणावयाचे, असा हा सरळ दिसणारा व्यवहार आहे. शिकवणी घेणारे शिक्षक, पाककृती दाखविणाऱ्या गृहिणी, निरूपण करणारे कीर्तनकार आणि पुस्तकांवर बोलणारे तरुण, असे नाना प्रकारचे लोक या व्यवहाराकडे वळले आहेत. आणि २०२० सालच्या टाळेबंदीत घराचीच शाळा व घराचीच कचेरी झाल्यापासून तर या पडद्यास, लग्नाच्या चित्रफिती काढणाऱ्या मंडळींच्या भाषेत ‘क्रोमा’स, घरगुती सामानात रीतसर स्थान मिळाले आहे.

तथापि ज्यांनी ज्यांनी हा क्रोमा घरी लावून पाहिला त्यांपैकी पुष्कळांची तक्रार एकच असते. कापड आणले, सॉफ्टवेअर घेतले, सांगितलेले बटण दाबले, आणि तरीही केसांभोवती हिरवी प्रभावळ उरली, खांद्याची कड थरथरू लागली, किंवा बोलणाऱ्याच्या सदऱ्यास भोके पडून त्यांतून काश्मीरचा बर्फ दिसू लागला. अशा वेळी दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारण्याची वहिवाट आहे. माझे मत निराळे आहे. या संपूर्ण मामल्याचा निकाल बव्हंशी चित्रीकरणाच्या आधीच, म्हणजे खोलीची लांबी, दिव्यांची मांडणी आणि कापडाची निवड या तीन ठिकाणी लागून जातो, व संगणकाकडे उरते ती केवळ त्या निकालाची अंमलबजावणी.

हे असे का, हे समजण्यास मूळ प्रश्नाचे स्वरूप पाहिले पाहिजे. चित्रातील माणूस आणि त्याच्या मागचे दृश्य यांना विलग करावयाचे म्हणजे प्रत्येक बिंदूस विचारावयाचे, की तू माणसाचा किती आणि मागच्या दृश्याचा किती. कपाळावरचा बिंदू पूर्णतः माणसाचा आणि भिंतीवरचा पूर्णतः भिंतीचा, हे उघड आहे. परंतु केसांच्या टोकाशी, हलत्या बोटाच्या कडेशी, चष्म्याच्या काचेत वा पदराच्या तलम सुतात असे असंख्य बिंदू असतात की ज्यांत दोघांचाही अंश मिसळलेला असतो. हे मिश्रणाचे प्रमाण बिंदुगणिक नोंदवून ठेवण्याची, आज ‘अल्फा’ या नावाने रूढ असलेली तजवीज न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात काढली. आणि १९८४ साली टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी एका चित्रावर दुसरे चित्र बसविण्याचे गणित सूत्रबद्ध केले. पुढे १९९६ साली याच स्मिथ यांनी जेम्स ब्लिन यांच्यासमवेत लिहिलेल्या निबंधात असे दाखवून दिले की, एकाच रंगाच्या पडद्यापुढे घेतलेल्या एका चित्रावरून हा प्रश्न गणिताच्या काटेकोर अर्थाने सुटूच शकत नाही. प्रत्येक बिंदूपाशी तांबडा, हिरवा आणि निळा अशी तीन समीकरणे हाती असतात. अज्ञाते मात्र चार, कारण माणसाच्या अंगचे तीन रंग आणि त्याचा अल्फा ही सर्वच शोधावयाची असतात. तेव्हा कोणतेही सॉफ्टवेअर चौथ्या अज्ञाताची उणीव अजमासाने भरून काढते, आणि तो अजमास खरा ठरण्याजोगी परिस्थिती निर्माण करणे हे पडदा लावणाऱ्याचे काम असते. पडदा सर्वत्र एकसारखा उजळलेला असेल आणि त्याचा रंग माणसाच्या अंगावर कोठेही नसेल, तर अजमास खरा ठरतो. यांपैकी एकही अट मोडली की फसतो.

सिनेमाच्या इतिहासात ही गोष्ट वारंवार सिद्ध झाली आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस याने १८९८ सालीच काळ्या पार्श्वभूमीचा उपयोग करून एकाच फिल्मवर अनेक वेळा चित्रण केले आणि स्वतःची मुंडकी टेबलावर मांडून दाखविली. काळा भाग फिल्मवर उमटत नाही, या साध्या सत्यावर ती सारी जादू उभी होती. अमेरिकेत फ्रँक विल्यम्स याने काळ्या पडद्यापुढे नट उभा करून त्याची निव्वळ छायाकृती दुसऱ्या फिल्मवर उतरविण्याची, म्हणजे हालचालीबरोबर हलणारा मुखवटा तयार करण्याची रीत बसविली आणि १९१८ साली तिचे पेटंट मिळविले. १९३३च्या ‘दि इन्व्हिजिबल मॅन’मध्ये काळ्या मखमलीने आपादमस्तक झाकलेल्या नटावर कपडे चढवून आणि त्यास काळ्या मखमलीपुढेच उभे करून अदृश्य मनुष्य साकारला, तो याच रीतीने. परंतु काळ्याची अडचण उघड होती. नटाच्या अंगावर सावली पडली की तीही पार्श्वभूमीत जमा होई. म्हणून रंग आला. डनिंग नावाच्या तंत्रज्ञाच्या रीतीत मागचा पडदा निळा आणि पुढचा नट पिवळसर प्रकाशात, अशी रंगांची वाटणी करून कृष्णधवल फिल्मवर दोहोंची फारकत केली जाई, आणि ‘किंग काँग’ने विल्यम्स व डनिंग या दोन्ही रीतींचा लाभ घेतला. रंगीत फिल्म आल्यावर लॅरी बटलर याने निळ्या पडद्याची पद्धत ‘द थीफ ऑफ बगदाद’ या १९४०च्या चित्रपटात वापरली व तिच्यासाठी ऑस्कर मिळविले. त्या चित्रपटातला राक्षसाशी सलगी करणारा पोर, साबू, हा म्हैसूर संस्थानातून गेलेला माहुताचा मुलगा होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना आठवते.

आपल्याकडील कर्तबगारीही येथेच नोंदविली पाहिजे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविणारे दादासाहेब फाळके हे जादूचे प्रयोग करणारे होते, आणि ‘लंकादहन’ व ‘कालिया मर्दन’ या त्यांच्या चित्रपटांची मोहिनी पुष्कळ अंशी छायाचित्रणातील युक्त्यांवर उभी होती. ‘प्रभात’च्या १९३६च्या ‘संत तुकाराम’मधील वैकुंठगमनाचा देखावा पाहून प्रेक्षक हात जोडत. बाबूभाई मिस्त्री यांना तर १९३७च्या ‘ख्वाब की दुनिया’नंतर ‘काला धागा’ हेच टोपणनाव पडले, कारण काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून त्यांनी अदृश्य माणसाचा भास निर्माण केला होता. काळ्यापुढे काळे नाहीसे होते, हे तत्त्व मेलिएसपासून मिस्त्रींपर्यंत एकच, आणि घरच्या हिरव्या साडीस हिरव्या पडद्यापुढे जे होते तेही त्याच तत्त्वाने.

या इतिहासातील सर्वांत बुद्धिमान पुरुष मला पेट्रो व्लाहोस वाटतो. डिस्नेच्या ‘मेरी पॉपिन्स’मध्ये (१९६४) वापरलेली सोडियमच्या दिव्यांची पद्धत आजही तिच्या निर्दोष कडांसाठी नावाजली जाते. सोडियमची वाफ ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिशय अरुंद पट्ट्यातील पिवळा प्रकाश देते. मागचा पडदा त्याच प्रकाशात उजळावयाचा, आणि कॅमेऱ्यातील एका खास लोलकाने तेवढाच प्रकाश बाजूस काढून दुसऱ्या फिल्मवर वळवावयाचा, म्हणजे चित्र आणि मुखवटा एकाच क्षणी, दोन फिल्मांवर, एकमेकांस न दुखवता तयार होतात. व्लाहोस, अब आयवर्क्स आणि वड्सवर्थ पोल यांना या कामासाठी अॅकॅडमीचा सन्मान मिळाला. परंतु तो लोलक दुर्मिळ, कॅमेरा अवजड, आणि पद्धत एका कारखान्यापुरती मर्यादित राहिली. व्लाहोसची दुसरी कल्पना, जी १९५९च्या ‘बेन-हर’साठी उपयोगात आली, ती मात्र अमर झाली. निळा कोठे आहे असे न विचारता, निळा हा हिरव्याहून किती अधिक आहे असे विचारावे, हे तिचे सार. निसर्गातील बहुतेक वस्तूंत निळा हिरव्याच्या फार पुढे जात नाही. पडद्यात मात्र तो खूप पुढे असतो. तेव्हा दोहोंतील वजाबाकी हीच पडद्याची खूण, आणि ती वजाबाकी हळूहळू कमी होत जाते तेथे धूर, काच आणि केस यांचे अर्धपारदर्शक अस्तित्व आपोआप हिशेबात येते. १९७६ साली त्यानेच अल्टिमॅट कंपनी काढून ही विद्या यंत्रात घातली, आणि आज मोबाइलवरील फुकट अॅपसुद्धा निळ्याच्या जागी हिरवा घालून पुष्कळ अंशी हीच वजाबाकी करते.

निळ्याची जागा हिरव्याने का घेतली, याचे उत्तर इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यात आहे. कोडॅकच्या ब्राइस बेयर यास १९७६ साली मिळालेल्या पेटंटानुसार बनणाऱ्या संवेदकांत दर चार बिंदूंपैकी दोन हिरवे, एक तांबडा आणि एक निळा असतो. म्हणजे हिरव्याची नोंद दुप्पट. शिवाय दूरचित्रवाणीच्या प्रमाणानुसार चित्राच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ टक्के धरला जातो. म्हणून हिरवा पडदा थोड्या दिव्यांत उजळतो आणि त्यात निळ्याच्या मानाने रवा, म्हणजे चित्रातील बारीक ठिपक्यांची खरखर, कमी दिसतो. मानवी कातडी, मग ती गोरी असो की सावळी, रंगछटेच्या दृष्टीने तांबड्या-नारिंगीच्याच प्रदेशात वसते, फरक काय तो उजळपणाचा. तेव्हा हिरवा आणि निळा हे दोन्ही पडदे माणसास चालतात. तथापि हिरव्यास सर्वकाळ श्रेष्ठ मानण्याचे कारण नाही, आणि महाराष्ट्रात तर मुळीच नाही. आपल्या सौभाग्यवतीच्या हातातील हिरवा चुडा हिरव्या पडद्यापुढे नाहीसा होतो आणि मनगट तोडल्यासारखे दिसते. पाककृती दाखविणाऱ्या बाईंच्या हातातील कोथिंबिरीची जुडी, हिरवी मिरची, अळूचे पान आणि केळीचे पान ही सारी पडद्याबरोबर पुसली जातात. पोपटी काठाची साडी आणि मोरपंखी पैठणी यांची कथाही वेगळी नाही. अशा घरी निळा पडदा आणावा, हे कोणीतरी ठामपणे सांगणे आवश्यक आहे. कारण दुकानदार हिरवाच पुढे करतो.

आता खोलीकडे वळू. हे प्रकरण मी मुद्दाम विस्ताराने मांडतो. मुंबई-पुण्याच्या सदनिकेतील दिवाणखाना पुष्कळदा दहा बाय बारा किंवा दहा बाय चौदा फुटांचा, त्यात दिवाण, कपाट आणि टीव्ही. अशा जागेत लोक भिंतीवर पडदा लावतात आणि त्याला जवळजवळ टेकूनच बोलावयास उभे राहतात. परिणाम दोन होतात. पडद्यावर स्वतःची सावली पडते, म्हणजे एकाच कापडाचे दोन हिरवे होतात. आणि पडद्यावरून परतणारा हिरवा प्रकाश मानेवर, कानांमागे, खांद्यांवर आणि विशेषतः गालाच्या कडेवर सांडतो, कारण तिरक्या कोनात कातडीही थोडीबहुत चकाकते. या सांडलेल्या हिरव्यास कारागीर ‘स्पिल’ म्हणतात, आणि घरगुती क्रोमातील दहापैकी नऊ दोष त्याचेच असतात असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. उपाय एकच : अंतर. माणूस आणि कापड यांत निदान सहा फूट, शक्य तर आठ फूट मोकळे असावे. कॅमेरा आणखी पाच-सहा फूट पुढे. म्हणजे बारा ते चौदा फुटांची सलग लांबी लागते, आणि ती बहुधा खोलीच्या आडव्या बाजूस न मिळता कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरप्या रेषेवर किंवा दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात उघडणाऱ्या दारातून मिळते. अनेकांना हे सुचत नाही, की पडदा एका खोलीत आणि कॅमेरा दुसऱ्या खोलीत ठेवण्यास काहीच हरकत नसते.

अंतर मिळतच नसेल तर कापड लहान करावे. हिरव्याचे क्षेत्रफळ जितके मोठे तितका परतणारा प्रकाश अधिक. आणि चौकटीतील सर्व जागा हिरव्याने भरलीच पाहिजे हा समज चुकीचा आहे. माणसाचे शरीर आणि त्याचे हात ज्या मर्यादेत हलतात तेवढ्याच मर्यादेत हिरवे असले की पुरे. त्याबाहेरचे कपाट, पंखा आणि दार संगणकात एक साधी चौकट आखून, कारागिरांच्या भाषेत ‘गार्बेज मॅट’ लावून, कापून टाकता येते. मोठाले पडदे मिरविणाऱ्या घरांपेक्षा बेताच्या कापडावर काम करणाऱ्या घरांतून चांगले क्रोमा निघालेले मी पाहिले आहेत.

प्रकाशाची व्यवस्था ही अंतराचीच दुसरी बाजू. पडद्यास आणि माणसास एकाच दिव्याने उजळविण्याची काटकसर महागात पडते. पडद्यासाठी दोन दिवे, दोन बाजूंनी, कापडाशी सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन करून आणि कापडापासून पुरेसे दूर, माणसासाठी निराळे. दिवा कापडाच्या फार जवळ ठेवला तर मध्यभागी तेजाचा गोळा आणि कडांस अंधार येतो, कारण बिंदुरूप दिव्याचा प्रकाश अंतर दुप्पट होताच चतुर्थांशावर उतरतो. येथे आपल्या घरांतील जुनी चार फुटी ट्यूबलाइट ही बाजारातल्या झगमगत्या सामानापेक्षा सरस ठरते : पडद्याच्या दोन्ही बाजूंस एकेक उभी लावली की वरपासून खालपर्यंत एकसारखा, मऊ उजेड पडतो. मात्र आपली वीज पन्नास आवर्तनांची असल्याने अशा नळ्यांचा प्रकाश सेकंदास शंभर वेळा लपलपतो. तेव्हा कॅमेऱ्याचा शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर मुक्रर करावा, नाहीतर पडद्यावरून काळसर पट्टे सरकत राहतात. पडदा किती उजळावा, याविषयी एवढेच सांगता येईल की, तो माणसाच्या चेहऱ्याइतका किंवा त्याहून किंचित मंद असावा. पडदा भगभगीत पांढरट झाला तर त्याचे हिरवेपणच ओसरते, आणि व्लाहोसच्या वजाबाकीस वजा करावयास काही उरत नाही. स्वस्त एलईडी बल्बांपैकी काहींच्या प्रकाशातच हिरवी झाक असते. ते माणसावर मारल्यास सांडलेला हिरवा आणि आणलेला हिरवा यांतील भेद ब्रह्मदेवासही कळणार नाही. माणसाच्या मागून डोक्यावर एक दिवा मारावा, तोही किंचित जांभळट करावा, म्हणजे हिरव्याचा प्रतिकार होतो, असा जुना सल्ला आढळतो. मला तो पटत नाही. त्याने कडा सुटतात हे खरे, पण नव्या दृश्यात मागून उजेड येण्याचे काही प्रयोजन नसेल तर माणूस चिकटविलेल्या चित्रासारखा दिसतो.

कापडाविषयी थोडक्यात. चकाकी नको, म्हणून साटीन आणि तकतकीत प्लास्टिक वर्ज्य. जाडसर सुती कापड, किंवा ताणता येणारे लायक्राच्या जातीचे कापड उत्तम, कारण सुरकुती म्हणजे सावली आणि सावली म्हणजे दुसरा रंग. कापडाचा पन्हा अपुरा पडला तर दोन पाट जोडावे लागतात. तो जोड माणसाच्या मागे न येता बाजूस यावा अशी तजवीज करावी. इस्त्री करून, दांडीवर टांगून, खालून आणि बाजूंनी चिमट्यांनी ताणून धरणे हे कष्टाचे काम टाळून चालत नाही. ज्यांचे घर स्वतःचे आहे त्यांनी एक भिंतच मॅट रंगाने रंगवून घ्यावी. भाड्याच्या घरात मालकाची परवानगी काढावी.

कॅमेऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे की जी विक्रेते सांगत नाहीत. साधे मोबाइल व कॅमेरे चित्रफीत साठविताना जागा वाचविण्यासाठी रंगाची नोंद तुटपुंजी ठेवतात. उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूची, परंतु रंगाची नोंद चार बिंदूंच्या चौकोनास मिळून एकच, अशी ही ४:२:० नावाची वहिवाट आहे. डोळ्यास तिची उणीव भासत नाही, परंतु क्रोमाचा सारा निवाडा रंगावरच अवलंबून असल्याने कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसू लागतात. १९२० बाय १०८० बिंदूंच्या चित्रात रंगाची खरी नोंद अवघी ९६० बाय ५४० ची असते. यावर एक सुंदर तोड आहे : चित्रीकरण ३८४० बाय २१६० बिंदूंत, म्हणजे ज्यास ‘फोर के’ म्हणतात त्यात करावे आणि तयार चित्रफीत १९२० बाय १०८० ची ठेवावी, मग फोर केमधील तुटपुंजी रंगनोंदही नेमकी १९२० बाय १०८० ची असल्यामुळे लहान केलेल्या चित्रात प्रत्येक बिंदूस स्वतःचा रंग मिळतो. याखेरीज रंगसंतुलन, फोकस आणि उजेडाचे मोजमाप ही तिन्ही कुलूपबंद करावीत, कारण माणूस हलला की स्वयंचलित कॅमेरा मत बदलतो आणि पडद्याचा हिरवाही बदलतो. मोबाइलमधील ‘सौंदर्य’ वाढविणारे आणि कडा धारदार करणारे सर्व उपद्व्याप बंद करावेत. त्यांनी कडेभोवती जी काळी वा पांढरी रेघ ओढलेली असते ती मागाहून कोणालाच पुसता येत नाही.

सॉफ्टवेअरचा इलाखा मोठा असला तरी निर्णय सोपा आहे. थेट प्रक्षेपण करावयाचे असेल तर ओबीएस स्टुडिओ हे मुक्त सॉफ्टवेअर पुरेसे आहे. मागाहून संपादन करावयाचे असेल तर दाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती घरगुती गरजेपेक्षा पुष्कळ अधिक देते. जुन्या संगणकावर केडेनलाइव्ह चालते. आणि निव्वळ मोबाइलवर काम करणाऱ्यांत काइनमास्टर परिचित आहे. ब्लेंडरच्या मंडळींनी तर २०१२ साली ‘टिअर्स ऑफ स्टील’ हा लघुपट मुद्दाम करून आपल्या मुक्त सॉफ्टवेअरची ‘कीइंग’मधील, म्हणजे पडद्याचा रंग पुसून माणूस विलग करण्यातील, ताकद जगापुढे मांडली. कोणतेही घ्या, पण एक सवय लावून घ्या : रंगीत चित्राकडे न पाहता काळ्यापांढऱ्या मुखवट्याकडे पाहा. माणूस शुभ्र, पडदा काळा, आणि केसांच्या कडेस करडा, असा तो हवा. नवशिके लोक करडा पाहून घाबरतात आणि आकडे वाढवीत जाऊन त्यास निखळ पांढरा वा काळा करून सोडतात. मग कात्रीने कापल्यासारखा जो माणूस उरतो, त्याचे पाप संपूर्णतः त्यांचे. सांडलेला हिरवा काढण्याची रीतही जाणून घेण्याजोगी आहे : बिंदूतील हिरवा हा तांबड्या व निळ्याच्या सरासरीपेक्षा अधिक असेल तर त्यास त्या सरासरीपर्यंत खाली आणणे, एवढेच ती करते. त्यामुळे अंगावर खरोखरीच काही फिकट हिरवे असेल तर तेही करडे होते.

येथवर वाचून कोणी विचारील की, झूम आणि गूगल मीट जर पडद्यावाचूनच मागचे दृश्य बदलून देतात, तर हे सारे कष्ट कशासाठी? प्रश्न रास्त आहे. यंत्रास असंख्य माणसांची चित्रे दाखवून माणूस ओळखावयास शिकविण्याची ही पद्धत खुर्चीत बसून बोलणाऱ्या एका व्यक्तीपुरती आज पुरेशी विश्वसनीय झाली आहे, आणि रोजच्या बैठकांसाठी मी तिचीच शिफारस करीन. परंतु ती ओळखते माणूस. त्याच्या हातातील तबला, विळी, ग्रंथ वा प्रयोगशाळेतील नळी माणसाची आहे की खोलीची, याविषयी तिचा निवाडा क्षणाक्षणाला पालटतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली सुचविलेला मधला मार्ग, म्हणजे माणसाविना रिकाम्या खोलीचे एक चित्र आधी काढून यंत्रास देणे, हा मला फार समंजस वाटतो, कारण त्यात पडद्याचे तत्त्व कायम राहते : मागे काय आहे ते आधीच ठाऊक असणे. दुसऱ्या टोकास २०२३ साली नेटफ्लिक्सच्या संशोधकांनी नटावर केवळ तांबडा व निळा प्रकाश टाकून, मागे हिरवा उजेड ठेवून, हिरवी नोंद संपूर्णपणे मुखवट्यासाठी राखून ठेवण्याची आणि नटाचा गमावलेला हिरवा यंत्राकडून भरून घेण्याची रीत मांडली. मोठ्या कारखान्यांनी तर पडदाच बाजूस सारून ‘द मँडलोरियन’पासून एलईडीच्या प्रकाशमान भिंती उभारल्या, की ज्यांवर दृश्य प्रत्यक्षच दिसते आणि नटाच्या शिरस्त्राणात त्याचे प्रतिबिंबही पडते. हे घरी येण्यास अवकाश आहे. आणि आले तरी त्या भिंतीचे वीजबिल भरणारा दिवाणखाना विरळा.

ज्या बाबीचा सर्वांत कमी विचार होतो, ती म्हणजे नवे दृश्य. क्रोमा निर्दोष निघाला तरी माणूस खोटा दिसतो, याचे कारण बहुधा मागच्या चित्रात असते. माणसाचा कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि मागचे सिंहगडाचे छायाचित्र पायथ्यावरून वर पाहत काढलेले, अशी विसंगती प्रेक्षक शब्दांत सांगू शकत नाही, पण त्यास ती खुपते. क्षितिजरेषा बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या आसपास यावी. मागचा सूर्य ज्या बाजूस त्याच बाजूने चेहऱ्यावर उजेड यावा. मागचे दृश्य किंचित धूसर करावे, कारण खऱ्या भिंगातून ते तसेच दिसले असते. आणि समुद्रकिनारा दाखवावयाचा असेल तर लाटा हलत्या असाव्यात, गोठलेल्या नव्हेत. छायाचित्र दुसऱ्याचे असेल तर त्याचा परवाना तपासावा. स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या उंचीवरून, दुपारच्या ऐवजी सकाळी काढलेले गावच्या घाटाचे चित्र हे महाजालावरील कोणत्याही नितांतसुंदर दृश्याहून क्रोमास अधिक शोभते.

एकंदर पाहता माझा अभिप्राय असा. उभे राहून, हातवारे करीत, वस्तू हाताळीत शिकविणारे शिक्षक, वादक, कथाकथन करणारे आणि मुलांसाठी गोष्टींच्या चित्रफिती करणारे यांनी पडदा अवश्य घ्यावा, आणि सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधी तो दोन स्वतंत्र दिव्यांवर करावा. स्वयंपाक दाखविणाऱ्यांनी निळा घ्यावा, किंवा खरे तर स्वयंपाकघरच दाखवावे. फोडणीची वाफ आणि पितळी डब्यांची मांडणी यांहून चांगली पार्श्वभूमी त्यांस मिळणार नाही, आणि स्टीलचे पातेले पडद्याचा रंग अंगावर घेतल्यावाचून राहत नाही. केवळ बसून बोलणाऱ्यांनी यंत्राकडून होणाऱ्या बदलावर समाधान मानावे. आणि ज्यांच्या घरी बारा फुटांची सलग लांबी कोणत्याही दिशेने निघत नाही, त्यांनी क्रोमाच्या वाटेस न जाता खिडकीच्या उजेडात, एखाद्या स्वच्छ भिंतीपुढे बसून बोलावे. कापडाच्या दुकानात जाण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन खोली मोजावी, ही वाचकांस विनंती.